दऱ्या की दर्या? साहित्याचा ऑनलाइन पेपर काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अंतिम सत्राच्या साहित्याच्या पेपरचे प्रश्न काढणारे सर्व प्राध्यापक, आणि परीक्षा विभाग

आदरणीय सर आणि मॅडम,

गेल्या आठवड्यातल्या सराव परीक्षेत मला तीनदा ताकीद मिळाली आणि तिसऱ्या ताकिदीनंतर माझा पेपर आपोआप बंद झाला. मी लघुगुरू लावत होते.

प्रश्न सरळ होता. दिलेल्या ओळीचे गण पाडा आणि वृत्त ओळखा. ओळ १७ अक्षरांची. सुरुवातीला चार गुरू ठाय लयीत पाय टाकतात आणि मग पाच लघू घसरगुंडीवरून सुटल्यासारखे येतात, तेव्हा मंदाक्रांता असणार हे कानाने आधीच सांगितलं होतं. पण कानाच्या साक्षीला गुण नसतात. म भ न त त हे तीन-तीन अक्षरांचे गण आणि शेवटी दोन गुरू, असं मांडून दाखवावं लागतं. म्हणून मी शाळेपासूनची सवय म्हणून डोळे वर केले, ओठातल्या ओठात ओळ म्हटली आणि बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायला लागले. तिसऱ्या लघूवर होते तोच स्क्रीनच्या माथ्यावर लाल पट्टी आली: परीक्षार्थी बोलत असल्याचे आढळले. दचकले, मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ओठ घट्ट मिटून, नजर छताकडे लावून. दुसरी पट्टी: कृपया स्क्रीनकडे पहा. मग मी मान खाली घालून मांडीवर बोटं मोजली. तिसरी पट्टी वाचायला मिळालीच नाही, त्याआधी पेपर मिटला.

ज्या यंत्राला वृत्त म्हणून पाहणाऱ्याचा आणि कॉपी करणाऱ्याचा चेहरा सारखाच दिसतो, त्याच्यासमोर आम्ही साहित्याची परीक्षा देणार आहोत. पत्र लिहायला बसले ते या प्रसंगामुळे. पण लिहायला लागल्यावर लक्षात आलं की कॅमेरा ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी चाळिशी ओलांडलेली विद्यार्थिनी आहे. वीसेक वर्षं मुद्रितशोधन केलं, आजही करते. दुसऱ्यांची पुस्तकं अक्षर अक्षर तपासून झाल्यावर एकदा पुस्तक नुसतं वाचावं असं वाटलं म्हणून विद्यापीठात नाव घातलं. वर्गातली मुलं मला ताई म्हणतात आणि परीक्षा जवळ आली की शंका माझ्याकडे आणून टाकतात, जसं काही ताईला सगळं माहीत असतं. या पत्रातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या आहेत.

म्हणणं एकच आहे. पेपर कोणत्या प्रकारचा असणार हे आत्ता सांगा. विद्यार्थी पुस्तक वाचतो ते प्रश्नाच्या मापानं. तुम्ही जे विचाराल, त्याच मापाचं वाचन तुमच्या पदरात पडेल.

सध्या आमच्यापुढे दोन सूचना आहेत. पहिलीत म्हटलंय की परीक्षेच्या वेळी नेमलेली पुस्तकं जवळ ठेवायला हरकत नाही. दुसरी सगळ्या विषयांसाठी एकच काढलेली आहे आणि तिच्यात लिहिलंय: परीक्षेदरम्यान कोणतेही साहित्य जवळ बाळगू नये. साहित्याच्या पेपरला! मुलांनी यावर भरपूर विनोद केले. विनोद संपल्यावर प्रश्न तसाच उरला, पुस्तक उघडायचं की नाही?

कारण दोन्हींची तयारी वेगळी. पुस्तक बंद असेल तर पाठांतर लागतं. ओळी, साल, संग्रहांची नावं, समीक्षकांची मतं. पुस्तक उघडं असेल तर हे सगळं पाठ करणं म्हणजे आठवड्याच्या आठवडे पाण्यात घालणं. तेव्हा लागते ती पुस्तकात वावरण्याची सवय. अंधारात घरात फिरताना दिव्याचं बटण कुठे आहे हे हाताला कळतं, तसं कुठल्या प्रकरणात काय आहे हे हाताला कळलं पाहिजे.

माझी नेमलेली कादंबरी तुम्ही पाहिलीत तर हसाल. मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीने सूची केली आहे. त्यात पात्रांची नावं नाहीत, ती कुणालाही सापडतात. माझ्या सूचीत खिडकी आहे, पत्र आहे, चुकीच्या नावाने मारलेली हाक आहे. प्रत्येकापुढे पानांचे आकडे. खिडकी ११ ठिकाणी आली आहे, त्यातल्या ९ वेळा ती बंद आहे. हे मला चौथ्या वाचनात दिसलं, आणि दिसलं तेव्हा आधीच्या तीन वाचनांची लाज वाटली. आता खिडकीवर प्रश्न येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण निवेदनावर आला, स्त्रीपात्रांवर आला, शेवटावर आला तरी त्या दोन उघड्या खिडक्या कामाला येतात. उघड्या पुस्तकाची तयारी अशी होते. ती पंधरा दिवसांत होत नाही, आणि पुस्तक उघडायला परवानगी मिळेल की नाही हे माहीत नसताना तर कुणी करायलाच धजत नाही.

‘पुस्तक उघडं आहे ना, मग अभ्यास कशाला’ असं म्हणणारेही वर्गात आहेत. त्यांच्यासाठी मी हिशेब मांडला होता, तोच इथे मांडते. तीन तास म्हणजे १८० मिनिटं, प्रश्न पाच, एकाला ३६ मिनिटं. ज्याने पुस्तक नीट वाचलेलं नाही त्याला एक अवतरण शोधायला सहज तीन मिनिटं लागतात. आम्ही घड्याळ लावून पाहिलंय. तीन अवतरणं म्हणजे नऊ मिनिटं. उत्तराचा चौथा हिस्सा पानं उलटण्यात गेला.

याच हिशेबातली दुसरी रक्कम मात्र तुमच्यासाठी आहे. प्रत्येक उत्तर ६०० शब्दांचं हवं असं नमुना पेपरवर छापलंय. हातानं लिहायच्या काळातला हा आकडा जसाच्या तसा उचललेला दिसतो. आमच्या गटात सगळ्यांनी मराठी टाइप करण्याचा वेग मोजला. माझा पोटापाण्याचा धंदाच तो, त्यामुळे मला सोडा. बाकीच्यांचा सरासरी २० शब्द मिनिटाला. म्हणजे ६०० शब्द नुसते उमटवायला ३० मिनिटं, आणि प्रश्न वाचायला, विचार करायला, पुस्तक उघडायला, खोडायला मिळून सहा. एक मुलगी पूर्ण पेपर फोनवर देणार आहे, तिच्याकडे दुसरं यंत्र नाही. तिचा वेग १४. तिला टायपिंगलाच ४३ मिनिटं लागतात. म्हणजे विचार सुरू करण्याआधीच ती सात मिनिटं कर्जात. आमच्या वर्गात कवितेवर सगळ्यात नेमकं बोलते ती हीच मुलगी.

उत्तर ३०० शब्दांचं करा, किंवा प्रश्न पाचाऐवजी तीन ठेवा. ३०० शब्दांत फापटपसाऱ्याला जागा उरत नाही आणि तपासणाऱ्यालाही ते कळतं. ‘प्रस्तुत कवितेत कवीने मानवी जीवनाचे विविध पैलू अत्यंत प्रभावीपणे रेखाटले आहेत’ हे वाक्य तुम्ही आजवर किती पेपरांत वाचलं असेल? ते वाक्य पान भरण्याच्या सक्तीतून जन्मलेलं आहे. शब्दमर्यादा निम्मी केलीत की ते आपोआप मरेल.

आता बहुपर्यायी प्रश्नांकडे येते, कारण शंभरातले ४० गुण त्यांना दिले आहेत असं कानावर आलंय.

सराव परीक्षेतला एक प्रश्न: रसांची संख्या किती? पर्याय: ८, ९, १०, ११. मी हा प्रश्न बराच वेळ नुसता पाहत बसले. भरताच्या नाट्यशास्त्रातले रस आठ. शांतरस धरला की नऊ, आणि तो धरावा की नाही यावर काव्यशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने त्याची बाजू ठामपणे लावून धरली. पुढे कुणी वत्सल घेतला, कुणी भक्तीला रस मानलं. की झाले दहा आणि अकरा. चारही पर्याय बरोबर! ते कुणाचे, कधीचे, आणि शांतासारख्या भावाचा रंगमंचावर अनुभव येऊ शकतो का, हाच तर खरा अभ्यासाचा भाग. मी विचार करून ८ वर टिचकी मारली. यंत्राने चूक दाखवली. बरोबर उत्तर ९. शेजारच्या मुलाने गाईडमधली ‘नवरस’ ही एकच ओळ वाचली होती, त्याला गुण मिळाला. त्याचा मला राग नाही. पण वाद वाचलेल्याला शिक्षा आणि वाद न वाचलेल्याला बक्षीस, ही व्यवस्था कुणीतरी बसून तयार केली आहे, आणि तिची खबर वर्गाला लगेच लागते. त्या संध्याकाळी गटावर पहिला निरोप आला: ताई, जास्त वाचायचं नाही हं, घोळ होतो.

बहुपर्यायी प्रश्न अजिबात नकोत असं मी म्हणत नाही. वृत्त, अलंकार, शब्दार्थ यांसाठी ते चालतात. एखाद्या ओळीत उपमा आहे की उत्प्रेक्षा, हे नीट वाचल्याशिवाय सांगता येत नाही आणि उत्तर एकच निघतं. पण ‘हा संग्रह कोणत्या साली प्रसिद्ध झाला’ हे ऑनलाइन पेपरात विचारणं म्हणजे कुणाचं इंटरनेट जलद आहे ते तपासणं. आणि ‘कवितेतील मध्यवर्ती भाव कोणता’ याला चार पर्याय देणं म्हणजे काय, हे मी लिहायलाच नको.

मुद्रितशोधक म्हणून एक गोष्ट मात्र तपशिलात सांगितल्याशिवाय राहवत नाही. सराव पेपरात एक अनोळखी कविता रसग्रहणाला होती. कवीचं नाव नव्हतं. चालून चालून दमलेला माणूस, एक घाट, ढळती दुपार. आणि एका ओळीत ‘समोर दर्या’ असं छापलेलं.

माझ्या एका वर्गमित्राने या दर्यावर दीड पान लिहिलं. घाटाच्या चढणीनंतर अचानक समोर येणारा समुद्र, माणसाच्या दमणुकीपुढे पसरलेलं अथांगपण, वगैरे. फार सुंदर लिहिलं होतं, मी त्याला तसं सांगितलंही. पण माझ्या मनात पहिल्यापासून शंका. आधीच्या ओळीत घाट आहे, उतरण आहे. कवीने ‘दऱ्या’ लिहिलं असेल आणि पेपर टाइप करणाऱ्याने नेहमीचा र वापरला असेल तर? एक रफार चुकीचा पडला आणि दरीचा समुद्र झाला.

ज्यांना ही भानगड क्षुल्लक वाटते त्यांच्यासाठी सांगते. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात फरक आहे. पहिले शिकवतात, दुसरे स्वयंपाक करतात. युनिकोडमध्ये यासाठी ऱ हे वेगळं अक्षर दिलेलं आहे. ते घेऊन त्याला हलन्त आणि य जोडला की ऱ्य मिळतो, साधा र घेतला की र्य. काही कीबोर्डांवर हा ऱ दिसतच नाही, र दाबून धरावा लागतो. ज्याला ठाऊक नाही तो र्य टाइप करून पुढे जातो. दुसरा गोंधळ जुन्या फॉण्टांचा. त्यांच्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची असे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते आणि दिसते मात्र आधी. जुन्या फाइलीतला उतारा निष्काळजीपणे युनिकोडमध्ये आणला की वेलांट्या शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसतात. नमुना पेपरात ‘विद्यार्थी’ हा शब्द ‘वद्यिार्थी’ असा आला होता, तेव्हा हे कुठून आलं ते मला ताबडतोब कळलं. गद्य उताऱ्यात वाचक अशी चूक मनातल्या मनात दुरुस्त करतो. कवितेत तसं करता येत नाही, कारण कविता मुद्दाम वाकडं लिहू शकते. छापलेलं प्रत्येक अक्षर कवीचं आहे या विश्वासावरच रसग्रहण उभं राहतं.

तेव्हा उतारा चढवल्यावर एकदा मूळ पुस्तकाशी ताडून पाहा. एक जण वाचणारा, दुसरा पुस्तकात बोट ठेवून ऐकणारा. छापखान्यात वर्षानुवर्षं असंच करत आले आहेत, पंधरा मिनिटांचं काम आहे.

उत्तराच्या चौकटीचंही पाहा जरा. त्यात कवितेच्या ओळी उद्धृत केल्या की सबमिट करताना सगळ्या एकापुढे एक चिकटतात. अभंगाचे चार चरण गद्याच्या एका ओळीत! आम्ही सध्या दोन चरणांच्या मध्ये तिरकी रेघ देण्याचं ठरवलंय. तपासणाऱ्यांना तसं कळवलंत तर बरं, नाहीतर रेघांचेही गुण कापले जातील.

मग विचारायचं काय? तुम्ही शिकवणारे, तुम्हाला मी काय सांगणार. पण तुमच्याच वर्गात ऐकलेली गोष्ट तुम्हाला परत आठवून देते. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स केंब्रिजमध्ये शिकवत असताना विद्यार्थ्यांना छापील कविता वाटत. कवीचं नाव नाही, काळ नाही. आठवडाभर घरी न्या, हव्या तितक्या वेळा वाचा, किती वेळा वाचली ते नोंदवा आणि जे वाटलं ते लिहून द्या. अशा १३ कवितांवरच्या प्रतिक्रिया त्यांनी १९२९ साली पुस्तकरूपाने मांडल्या. निघालं काय, तर चांगल्या तयारीच्या मुलांनाही कवितेचा साधा अर्थ लागत नव्हता, आणि तो लागण्याआधीच साच्यातल्या प्रतिक्रिया बाहेर पडत होत्या. नामवंतांच्या कविता नाकारल्या गेल्या, सामान्य कविता डोक्यावर घेतल्या गेल्या. ही घरी नेलेली, उघड्या पुस्तकाचीच परीक्षा होती की! तिच्यात कुणी कुणावर कॅमेरा रोखला नव्हता. आणि तरी वाचणारा कोण आणि न वाचणारा कोण हे लख्ख दिसलं.

आज नाव झाकून भागणार नाही, हे कबूल. ओळ शोधखिडकीत टाकली की कवी हजर होतो. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून रसग्रहणही आयतं मिळतं. मी प्रयोग करून पाहिला, लपवत नाही. नेमलेली एक कविता आणि मागच्या वर्षीचा प्रश्न असं दोन्ही दिलं. उत्तर गुळगुळीत आलं. प्रतिमा, आशय, मानवी मूल्यं, सगळं जागच्या जागी. त्यात कवितेतली म्हणून एक ओळ अवतरणचिन्हांत दिली होती. सवयीने मी पुस्तक काढून ताडून पाहिली. ती ओळ कवितेत नव्हती. दुसऱ्या कडव्यात नाही, पाचव्यात नाही, कुठेच नाही. पण ओळ तशी वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे.

यावर परीक्षा विभागाने यंत्रलिखित मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर घेण्याचं ठरवलंय, असं ऐकते. जरा थांबा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असं ओळखण्याचं साधन काढलं होतं आणि जुलै २०२३ मध्ये ते अचूक नाही म्हणून मागे घेतलं. ज्यांनी लिहिणारं यंत्र केलं त्यांनाच त्याचं अक्षर ओळखता आलं नाही. अशा साधनाच्या टक्केवारीवर उद्या एखाद्या मुलीचा निकाल अडकला तर तिने निर्दोषपणा सिद्ध कसा करायचा? दुसऱ्यांचा मजकूर जुळवून पाहणारं सॉफ्टवेअर वेगळं, ते निदान जुळलेलं वाक्य दाखवतं. पण साहित्याच्या उत्तरात मूळ ओळी असणारच. त्या दिल्या तर साम्याची टक्केवारी वाढते, नाही दिल्या तर ‘आधार नाही’ म्हणून गुण जातात. अवतरणचिन्हांतला मजकूर वगळण्याची सोय असते, ती चालू ठेवली आहे का, एवढं पाहून घ्या.

यापेक्षा सोपे मार्ग तुमच्या हातात आहेत. प्रत्येक अवतरणापुढे नेमलेल्या आवृत्तीचा पृष्ठक्रमांक मागा आणि प्रत्येक पेपरातली दोन अवतरणं पुस्तक उघडून तपासा. न लिहिलेल्या ओळी तिथेच पकडल्या जातील. ‘कादंबरीतील निवेदनशैली स्पष्ट करा’ असं विचारण्याऐवजी दुसऱ्या आणि नवव्या प्रकरणातली दोन पानं द्या, एकाच घटनेबद्दल निवेदक दोनदा बोलतो तेव्हा त्याची क्रियापदं कशी बदलतात ते विचारा. वर्गात झालेल्या चर्चेतला एखादा मतभेद घ्या आणि बाजू मांडायला सांगा. तो वाद फक्त त्या खोलीत बसलेल्यांना माहीत आहे. आणि शंका आलीच तर पाच मिनिटं तोंडी घ्या. ‘तू ही ओळ का निवडलीस’ एवढं विचारलं की पुरे. ज्याने स्वतः निवडली आहे तो थांबवेपर्यंत बोलतो.

असं झालं तर कॅमेऱ्याचा पहारा कशाला लागेल? तो ठेवायचाच असेल तर वृत्ताच्या प्रश्नापुरती तरी ओठ हलवायची मुभा द्या, मी वर लिहिलंच आहे. खोली चारी बाजूंनी फिरवून दाखवण्याची अट मात्र काढून टाका. आमच्यातल्या दोघींना स्वतंत्र खोली नाही. आजारी माणूस झोपलेला पलंग कॅमेऱ्यात दाखवून पेपरला बसायचं का? अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाविरुद्ध याच मुद्द्यावर एक विद्यार्थी न्यायालयात गेला होता. परीक्षेआधी अशी खोली पाहणं ही अवाजवी झडती आहे, असा निकाल तिथल्या संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. तिथला कायदा वेगळा, राज्यघटना वेगळी. संकोच सगळीकडे सारखाच.

वीज जाणं, नेट तुटणं यावर फार लिहीत नाही, ते सगळ्याच विषयांना लागू आहे. उत्तर दर मिनिटाला आपोआप जपलं जावं आणि परत आत आल्यावर उरलेला वेळ तेवढाच मिळावा. आणि वेळ संपली की यंत्र पेपर ओढून घेतं तेव्हा अर्धं राहिलेलं वाक्यही तपासा. लेखी परीक्षेत घंटा झाल्यावर पर्यवेक्षक निदान चालू वाक्य पुरं करू देत असत, बहुतेक वेळा.

आमची तयारी कशी चालली आहे तेही सांगते. नुसत्या मागण्या करून बसलेलो नाही. दर रविवारी सकाळी आम्ही आठ जण व्हिडिओ कॉलवर जमतो. एकाने एक कविता किंवा प्रकरण निवडायचं, सगळ्यांनी पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते दहा मिनिटं लिहायचं. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते पाहायचं. ही कल्पना मी मानसशास्त्राच्या एका गाजलेल्या प्रयोगावरून उचलली. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, त्यातला एक समुद्री ऊदमांजरावरचा होता. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून मग मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने पाहिलं तर पारडं फिरलेलं. आठवून लिहिलेल्या उताऱ्याचा ५६ टक्के भाग लक्षात उरला होता, दोनदा वाचलेल्याचा ४२ टक्के.

कवितेत याचा वेगळाच फायदा होतो. आठवताना आपण शब्द बदलतो, आणि कुठला शब्द बदलला यावरून कळतं की कवीने तो का घेतला नव्हता. परवा एकीने ‘वाट’च्या जागी ‘रस्ता’ लिहिलं. तपासताना लक्षात आलं, तिने पूर्ण कडव्याचा अर्थ रस्त्यासारखाच सरळ लावला होता. वाट पाहण्याची वाट तिच्या हातून निसटली होती. त्यावर आम्ही पाऊण तास बोललो. नियोजनात त्या दिवशी तीन कविता होत्या, एकच झाली. वेळापत्रक सांभाळणारा मुलगा वैतागला. त्याचंही बरोबर होतं, कारण पेपरात चाळीस गुणांना साल आणि संग्रह येणार असतील तर पाऊण तास एका वाटेवर घालवणं परवडत नाही.

त्याला काय उत्तर द्यायचं ते मला कळेना. ते तुम्ही द्यायचं आहे. दोन नमुना प्रश्न पाठवा, पन्नास प्रश्नांचा संच नको, दोनच, पण अंतिम पेपरात जसे येतील तसे. पुस्तक उघडायचं की मिटायचं हे एका ओळीत लिहा. शब्दमर्यादा कळवा.

आणि येत्या रविवारी आम्ही सराव पेपरातली ती अनोळखी कविता पुन्हा घेणार आहोत. माझा वर्गमित्र समुद्रावर अडून बसला आहे आणि मी दरीवर. मूळ पुस्तक तुमच्याकडे आहे. शनिवारपर्यंत तेवढं पाहून सांगाल का?

आपली विश्वासू,
अंतिम सत्राची एक विद्यार्थिनी